सगळ्या डब्यांत शोभाताई

चारुशीला मूळची नागपूरचीच. महाल भागातल्या एका बोळात तिचं लहानपण गेलं. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांमागून चांदा, गोंदिया, यवतमाळ अशी गावं फिरून अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती पुन्हा नागपुरात आली, तेव्हा आपण घरी आलो असं तिला वाटलं होतं. पण काटोल रोडवरची ही सरकारी क्वार्टरं म्हणजे शहराचं दुसरंच टोक. महालातल्या मैत्रिणी लग्नं होऊन कुठे कुठे पांगल्या होत्या, आई भावाकडे अमरावतीला. एकदा रिक्षा करून ती जुन्या बोळात जाऊन आली, तर ओळखणारा एक शिंपी तेवढा भेटला, आणि त्यानेही तिला तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

क्वार्टरांच्या ओळीत तिचं घर शेवटून दुसरं. शेवटचं शोभाताईंचं.

शोभाताईंचे यजमान छापखान्यात नोकरीला, मुलगा भिलईला. बाई चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावून बोलायच्या. दुपारची जेवणं आटोपली की ओळीतल्या साऱ्या बायका त्यांच्या ओट्यावर जमत. कुणी तांदूळ निवडायला आणी, कुणी विणकाम, कुणी नुसतीच जांभया द्यायला येई. दोन्ही घरांमध्ये एक मेंदीचं कुंपण होतं, कमरेएवढं. त्याच्या अलीकडे चारुशीलाची खिडकी. तिथे उभं राहिलं की हसणं स्पष्ट ऐकू येई. कशाला हसल्या ते मात्र ऐकू येत नसे.

सुरुवातीला ती गेली होती ओट्यावर. "ये वं, ये," म्हणून शोभाताईंनी सरकून जागा केली. बायकांनी कुठली, काय, विचारलं आणि मग त्या आपल्या जुन्या गोष्टींत शिरल्या: कुणाची तरी नणंद, कुठलं तरी लग्न, मागच्या वर्षीचा कुठला तरी फसलेला चिवडा. चारुशीला काठावर बसून, समजल्यासारखं हसत राहिली. उठून आली तेव्हा ती उठल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्यानंतर ती जाईना. तिला कुणाच्या ओट्याचा काठ नको होता. आपल्या घराची कडी वाजावी, कुणी तरी फक्त आपल्यासाठी आत येऊन बसावं, एवढंच तिला हवं होतं. आणि महिने गेले तरी कडी वाजत होती ती दूधवाल्याची.

शोभाताईंचा राग यावा असं त्यांनी काही केलं नव्हतं, हीच खरी अडचण होती. वाईट वागल्या असत्या तर सोपं झालं असतं. उलट भाजीवाल्याकडून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ताजी जुडी घेतली की अर्धी कुंपणावरून इकडे येई. त्याच सांबाराच्या वड्या करून पुन्हा वाटीभर इकडे येत. मनोहरराव, म्हणजे चारुशीलाचा नवरा, ताटात ती वडी मोडत म्हणायचे, "बाईच्या हाताले काही तरी आहे बरं." चारुशीला पोळी जरा जोराने लाटायची.

आणि तिची लेक. शाळेतून आली की दप्तर टाकून ती थेट कुंपणाच्या फटीतून पलीकडे. "शोभामावशीनं भुलाबाई मांडली. शोभामावशीनं गाणं शिकवलं." कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी ओळीतल्या साऱ्या मुली शोभाताईंकडे भुलाबाईची गाणी म्हणत, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याचा गलका होई. डबा हलवायचा, कानाशी धरायचा, वास घ्यायचा. चारुशीला लहानपणी यात पटाईत होती. तिच्या बोळात खिरापत ओळखावी तर तिनेच. आता त्या गलक्यात तिच्या लेकीचा आवाज सगळ्यांत वर होता आणि ती इकडे अंधारात दिवा न लावता बसून होती.

तिथेच तिला कल्पना सुचली.

दिवाळीला नानकटाई सगळ्यांच्याच घरी होते. वसुबारसेच्या दुपारी प्रत्येकीने आपल्या हातच्या नानकटाईचा डबा झाकून आपल्याकडे आणायचा. डोळे मिटून एकेकीने चव घ्यायची आणि ओळखायचं, कोणाच्या हातची. मग सगळ्यांनी सगळ्यांना थोडी थोडी वाटायची आणि घरी जाताना प्रत्येकीच्या डब्यात साऱ्या ओळीच्या हातची चव. भुलाबाईच्या खिरापतीसारखंच, फक्त मोठ्यांचं. चहा, चिवडा आपला. असं या क्वार्टरांत कधी झालं नसणार. शोभाताईंनासुद्धा सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात शोभाताई कुंपणाशी आल्या. "चारुशीला, सदर बाजारातल्या बेकरीत भट्टी सांगितली आहे मी. तुझा मैदा, साखर, तूप पाठवून दे. आपल्या ओळीचं सगळं एकदमच होऊन जाते."

"नको," चारुशीला म्हणाली. "मी घरीच करते."

"घरी? कायच्यावर?"

"गंजात रेती टाकून होतात नं. यवतमाळले तशाच करत होती मी."

"बरं बरं," शोभाताई म्हणाल्या. "पण वेळ लागन हो. मदतीले हाक मारजो."

हाक मारायचा प्रश्नच नव्हता.

मग चारुशीला घरोघर बोलावणं करून आली. प्रेमिला, जिचं घर मधोमध होतं आणि जीभ सगळ्यांत पुढे, टाळी देऊन म्हणाली, "अय्या, मजाच आहे! येते मी. डोळे कोण बांधन?" इंदूबाईंनी चिवड्यात फल्ली, म्हणजे शेंगदाणे, किती घालणार ते विचारून घेतलं. यमुताई म्हणाल्या, "बोलावलं तर येतेच बापा मी, घरी काय ठेवलं आहे?" प्रत्येक दारातून बाहेर पडताना चारुशीला थोडी उंच होत गेली. शेवटी शोभाताईंचं दार उरलं. ते उघडंच होतं. आत शेगडीसमोर पाठ करून त्या काही तरी परतत होत्या आणि स्वतःशीच गुणगुणत होत्या. चारुशीला उंबऱ्याबाहेर थांबली. त्या आल्या की काय होणार, ते तिला दिसलं: आपल्याच सतरंजीवर मध्ये त्या बसतील, बायका त्यांच्या भोवती, आणि आपण चहाचे कप घेऊन काठाला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणत ती मागे वळली. आपण उद्याही सांगणार नाही, हे तिला फाटकापाशी पोचण्याआधीच ठाऊक होतं.

नानकटाईनं तिची परीक्षा पाहिली. जाड बुडाच्या गंजात रेती तापवायची, त्यावर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. एका वेळी मूठभर होत. पहिल्या खालून काळ्या पडल्या, दुसऱ्या वरून पांढऱ्या राहिल्या. हाताला चटका बसला. शेवटी शेवटी बऱ्या निघाल्या, जरा कडक, जरा तपकिरी, पण वेलदोड्याचा वास चांगला धरलेल्या. त्याच दिवशी टळटळीत दुपारी शोभाताई रिक्षातून उतरल्या, पायाशी डब्यांची चळत. ओळीतल्या बायका धावल्या. "माझा कोणता वं?" "अगं थांब, झाकण पाहू दे." चारुशीला खिडकीतून मागे सरली. प्रत्येकीने आपापला डबा घेतला तेव्हा तिला वाटलं, ठीक आहे, भट्टी एक असली तरी हात वेगळे. आपण ओळखू.

वसुबारसेला तिने सतरंजी घातली, अभ्रे बदलले, लेकीला मनोहररावांबरोबर सीताबर्डीला फटाके आणायला पाठवलं. तीन वाजायच्या सुमारास कडी वाजली, आणि दूधवाला नव्हता.

बायका आल्या. डबे झाकलेले, पदराखाली धरलेले. खोली भरली, बांगड्या वाजल्या, कुणी पंख्याकडे बघून "बंद कर वं, थंडी वाजते" म्हणालं, कुणी "राहू दे" म्हणालं. चारुशीलाला आपल्याच घराचा आवाज अनोळखी आणि गोड वाटला.

"पैल्यांदा इंदूबाई," प्रेमिला म्हणाली आणि तिने इंदूबाईंचे डोळे त्यांच्याच पदराने झाकले. चारुशीलाने एका डब्यातली नानकटाई त्यांच्या हातावर ठेवली.

इंदूबाईंनी एकच घास घेतला. "शोभाताईची."

"चूक! प्रेमिलाची आहे," चारुशीला आनंदाने म्हणाली. "दुसरी घ्या."

दुसऱ्या डब्यातली दिली. इंदूबाईंनी चघळली, मान हलवली. "ही पण शोभाताईचीच."

"ही यमुताईंची."

"असन यमुताईची. हात शोभाताईचा आहे."

मग यमुताईंच्या तोंडून फुर्र करून हसू फुटलं. "अवं माय! ओळखणार कशी? परात एक, भट्टी एक! साऱ्यांचं एकत्रच तर मळते ती."

"एकत्र?" चारुशीला म्हणाली.

"मंग? भट्टीवाला एकेका घरच्या मूठमूठ मैद्याले हात लावत नाही. सगळं एका परातीत ओततो आम्ही. शोभाताई मळते, तीच वळते, तीच तिथं बसून भाजून घेते. दरसाल असंच होते."

"पण मी आपल्या हातची आणायला सांगितलं होतं नं."

"आपलीच आहे बापा!" यमुताई दुखावल्यासारखं म्हणाल्या. "तूप माझं, साखर माझी. मळली तेवढी तिनं."

"अन् भाजली भट्टीवाल्यानं," प्रेमिला म्हणाली. "मंग तुमचं काय राहिलं वं, यमुताई?"

"डबा!" इंदूबाई पदराआडून ओरडल्या.

खोली हसण्याने हलली. प्रेमिला यमुताईंच्या मांडीवर आडवी झाली. इंदूबाई डोळे झाकलेल्या तशाच पोट धरून हसत होत्या. चारुशीलाही हसली. तिच्या घरात इतकं हसणं कधीच झालं नव्हतं, आणि त्या हसण्याच्या मधोमध, सतरंजीवर नसलेल्या, शोभाताई बसल्या होत्या.

"आता चारुशीलाची द्या," कुणी तरी म्हणालं.

तिने आपली नानकटाई इंदूबाईंच्या तळहातावर ठेवली. इंदूबाईंनी चावा घेतला. कुरकुर आवाज झाला. त्या थांबल्या, पुन्हा चावल्या. चारुशीला त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"ही शोभाताईची नाही," इंदूबाई म्हणाल्या.

"बरोब्बर!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

बस्, एवढंच. कोणाची आहे ते नाही. कोणाची नाही, एवढं. चारुशीलाने चहाचं आधण ठेवायचं निमित्त केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. गोड घासात खडा लागावा तसं काही तरी दाढेखाली आलं होतं.

"पण शोभाताई काहून नाही आली?" बाहेरून इंदूबाईंचा आवाज आला. "तिच्याशिवाय तिची नानकटाई खाऊन राहिलो आपण."

"चारुशीला, सांगितलं नव्हतं का तिले?"

ती ट्रे घेऊन दारात आली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं नं," ती म्हणाली. "येते म्हणाल्या होत्या."

"थांबा, मी आणते धरून," म्हणत प्रेमिला उठली आणि चपला पायात सारून गेलीसुद्धा.

चारुशीलाने कप वाटले. एका कपाखाली बशी द्यायची राहिली. आता प्रेमिला विचारेल, आता शोभाताई म्हणतील, मला कुठे कुणी बोलावलं? मग ही सतरंजी उठेल, डबे पुन्हा पदराखाली जातील, आणि या घराची कडी यापुढे कुणी वाजवणार नाही. ओळभर हीच गोष्ट होईल, त्या ओट्यावर, आणि या खेपेला कशाला हसतात ते तिला खिडकीत न जाताही कळेल.

प्रेमिला एकटीच परत आली. "डोकं दुखून राहिलं म्हणे तिचं. म्हणे, चारुशीलानं सांगितलं होतं, मीच विसरली. तुमचं चालू द्या म्हणे."

कुणालाच काही वाटलं नाही. कप वाजले, चिवड्यात फल्ली कमी आहे असं इंदूबाई म्हणाल्या. चारुशीलाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. यातही त्याच! खोटं बोलावं तर तेही त्यांनीच इतकं सहज, इतकं मोठेपणाने. माणसाने किती चांगलं असावं याला काही मर्यादा? तिला वाटलं, त्यांनी खरं सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

मग वाटप झालं. प्रत्येकीने प्रत्येकीच्या डब्यात चार-दोन घातल्या, हसत हसत, "घे माझी, दे तुझी" करत. जी दिली तीच घेतली. चारुशीलाच्या नानकटाया सगळ्यांकडे गेल्या. बायका निघाल्या, तेव्हा तिच्या डब्यात वरपासून तळापर्यंत शोभाताई होत्या.

दिवेलागणीला मागच्या दाराशी पावलं वाजली. मनोहरराव आणि लेक अजून यायचे होते. दारात शोभाताई उभ्या होत्या. अंगावर जरीच्या काठाची हिरवी साडी, जी त्या लग्नाकार्यालाच नेसत. केसांत शेवंती. शेवंती मलूल झाली होती.

"डोकं कसं आहे?" चारुशीलाने विचारलं.

"डोक्याले काय धाड भरली?" शोभाताई म्हणाल्या. आज त्यांनी दंडाला हात लावला नाही. "बारापासून नेसून बसली होती मी. डबे वाटताना प्रेमिला म्हणाली, चारुशीलाकडं नेऊन राहिलो आम्ही. म्हटलं, मलेही बोलावन. शेजारी आहे, शेवटी बोलावन. बसली. आवाज येऊन राहिला होता तुमचा. मेलं, हसणं ऐकू येते अन् काहून हसतात ते ऐकू येत नाही."

हे वाक्य चारुशीलाचं होतं. ते या तोंडून कसं आलं?

"मी मुद्दामच नाही बोलावलं," ती म्हणाली.

"ते समजलं मले. भोळी वाटली का मी तुले?"

"मग प्रेमिलाला का नाही सांगितलं? मला का वाचवलं?"

"तुले?" शोभाताई एकदम फणकारल्या. "तुले कायले वाचवू? माझं तोंड वाचवलं मी. साऱ्या ओळीले बोलावलं अन् शोभाले वगळलं, हे कळलं असतं त्यांले, तर उद्या मी त्या ओट्यावर कोणत्या तोंडानं बसली असती?"

त्या चांगुलपणाने बोलल्या नव्हत्या. चारुशीलाने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, काजळ एका बाजूला फिसकटलं होतं, आणि हनुवटी लहान मुलीसारखी पुढे आली होती.

"तुमच्याकडे तर सगळ्याच येतात," ती हळू म्हणाली.

"येतात. माझ्याकडं येतात. मले कोणी बोलावते का?" शोभाताई उंबऱ्यावरच टेकल्या. "पोरगं तापलं की शोभाताई. पापड लाटायचे, शोभाताई. भट्टीवर दिवसभर धुरात बसायचं, शोभाताई. कोणी म्हटलं का आजवर, शोभाताई, कामाशिवाय ये, नुसती बस? मीही पाहून राहिली होती, कोणी तरी म्हणन. तर तू बोलावणं काढलं, अन् मलेच सोडलं."

बाहेर कुणी तरी पणत्या मांडत होतं. तेलाचा वास येत होता. चारुशीलाला त्यांची दया आली असं म्हणता येणार नाही. काही तरी सैल झालं, आणि त्याच वेळी काही तरी नव्याने घट्ट झालं.

"मले तुमचा भारी राग येत होता," ती म्हणाली. "माझी पोरगीसुद्धा तुमचीच झाली."

"पोरगी तुझीच राहते. माझ्याकडं खाते, अन् आईचं गुणगान करते. मले काय सुख वाटते का त्याचं?"

मग शोभाताईंच्या नाकातून हसू निसटलं, रागाचंच, पण हसू.

"आत या," चारुशीला म्हणाली. "काही काम नाही. नुसत्या बसा."

शोभाताई आत आल्या, सतरंजीवर मध्ये नाही, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसल्या. चारुशीलाने दोनच कप ठेवले. आधणाला आलं ठेचताना तिच्या ध्यानात आलं, की शोभाताई काहीच बोलत नव्हत्या. त्यांना गप्प बसलेलं या ओळीत कुणी पाहिलं नसेल.

चहा गाळून होतो न होतो तोच फाटकाशी हाक आली. "शोभाताई! ओ शोभाताई!" प्रेमिला होती. "चारुशीला, शोभाताई तुझ्याकडं आहे का? घर उघडं टाकून गेली. तिकडं यमुताईच्या चकल्या तेलात विरघळून राहिल्या, तिले म्हणा लवकर चल."

शोभाताईंनी सवयीने कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकला.

"बसा," चारुशीला म्हणाली आणि आपण दारात गेली. पडदा तिने एका हाताने धरून ठेवला, आतलं दिसू नये इतका. "आहे इथंच."

"मंग पाठव नं."

"चहा घेऊन राहिल्या त्या. वेळ लागन."

"अवं, चकल्या..."

"विरघळू दे," चारुशीला म्हणाली.

प्रेमिला फाटकापाशी जराशी घुटमळली, मान वाकवून आत पाहायचा प्रयत्न केला, मग चपला फटफटवत परत गेली. तिचा आवाज ओळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. तो पुरता विरेपर्यंत चारुशीला दारातून हलली नाही.